गुळवेलीचा काढा आणि मावशीची कावीळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात पुरवणीत इम्युनिटीच्या काढ्यांचं पान होतं, त्यात गुळवेल सगळ्यात वर. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे सगळेच काढा पीत होते. मावशीच्या तर अंगणातल्या कडुलिंबावरच गुळवेल चढलेली, रोज सकाळी अर्धा कप, तीन महिने एक दिवस चुकला नाही. दिवाळीच्या आधी तिला जेवण जाईना, लघवी गडद व्हायला लागली, मग डोळे पिवळे. हिपॅटायटिसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते एन्झाइम, हजाराच्या वर. काय औषधं चालू आहेत विचारलं की ती थायरॉइडची गोळी सांगायची, काढ्याचं नावच नाही, कारण तिच्या लेखी काढा हे औषधच नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं.

त्याच काळात मुंबईत लिव्हरच्या डॉक्टर आभा नागराळ यांच्याकडे असेच पेशंट येत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधल्या अशा सहा जणांचा अभ्यास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हिपॅटॉलॉजीमध्ये छापला. मला तो वाचताना मावशीचीच फाइल वाचतेय असं वाटलं. पॅरासिटामॉलचं वेगळं असतं, तिथे डोस फार जास्त झाला की लिव्हरच्या पेशी थेट विषाने मरतात. इथे डॉक्टरांना दिसलं ते ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटते, पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात आणि लिव्हरला सूज येते. ज्याला आधीपासून थायरॉइडसारखा ऑटोइम्यून आजार आहे त्याला धोका जास्त, आणि आपण तर प्रतिकारशक्ती वाढावी म्हणूनच काढा पितो ना! हे समजल्यावर मी कितीतरी वेळ सुन्न बसून होते.

अभ्यास आल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात, नीट ओळख पटवल्याशिवाय गुळवेलीला दोष देऊ नका. मुद्दा बरोबरच आहे, पण मग दारावर विकायला येणारी वेल कुठली हे घरातल्या बाईने कसं ओळखायचं? आणि पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ सेंटरच्या डॉक्टरांनी मिळून ४३ पेशंट मांडले, त्यातही तसंच ऑटोइम्यून चित्र दिसलं, काही जण दगावलेसुद्धा. करोडो लोक काढा प्यायले आणि त्यातल्या बहुतेकांना काही झालं नाही हे मला मान्य आहे, मीही प्यायले, मला काही झालं नाही. पण ज्यांना होतं त्यांना आधी कळायला काहीच मार्ग नाही, म्हणून तर असं संशोधन लोकांपर्यंत पोचायला हवं, नाहीतर ते जर्नलमध्येच राहतं आणि काढ्याची रेसिपी घरोघरी जाते.

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, आजीच्या हातचं सुंठपाणी पिऊनच मोठी झालेय. मागणं एवढंच की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा त्याच पानावर, त्याच टाइपात छापा: थायरॉइड, संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि घेत असताना भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद करून लिव्हरची टेस्ट करा, आणि डॉक्टरांना काढ्याचंही सांगा. शक्य झालं तर लिव्हरच्या एखाद्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्या.

मावशीला स्टेरॉइड द्यावी लागली, रिपोर्ट नॉर्मल यायला पाच महिने गेले. तुमचं ते पान तिनेच मला फोटो काढून पाठवलं होतं.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक