चितार ओळीतलं अस्तर

प्रिय मंग्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "घरात तीन पिढ्या गणपती घडवून राहिल्या अन् तू नुसते रंग फासून राहिला, कायले बे?" दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर चहा पाजून वाटेला लावलं असतं, तुला लिहितो.

आपल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, लोक येतात ते मूर्ती तयार झाल्यावर. डोळे काढायचं काम आजोबांचं, तेव्हा घरात कोणी बोलायचं नाही. मले मात्र अस्तर द्यायला बसवायचे, माती वाळली, भेगा बुजवल्या की पांढऱ्याचे हात मारायचे, अख्खा पावसाळा तेच. रांगेत पन्नास-साठ गणपती, ना डोळे ना दागिने, नुसता उजेड अन् सावली. मले तेच आवडायचे बे, डोळे आले की माझ्यासाठी मूर्ती संपायची.

दुसरं म्हणजे मामाचं गाव, देवलापारकडे. फाल्गुनात सागाची पानं गळालेली, सगळं जंगल राखाडी अन् मधातच पळस पेटलेला, झाड दिसतच नाही, रंगच दिसतो. चित्रकार सय्यद हैदर रझांचं वाचलं तेव्हा म्हणून जवळचं वाटलं. १९२२ चा जन्म, मंडला जिल्ह्यातला, वडील जंगल खात्यात, रात्रीच्या जंगलाची भीती रझांना आयुष्यभर पुरली. शाळेत लक्ष लागेना तर मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसवलं. मग आपल्या नागपुरात चित्रकला शिकले, पुढे मुंबईत जेजे कला महाविद्यालय, १९५० ला फ्रान्स, अन् तिकडे कितीतरी वर्षांनी कॅनव्हासवर तोच काळा बिंदू आला. पॅरिसमध्ये राहून मंडला रंगवणं, याला मी तरी अमूर्त म्हणत नाही. दुसरे चित्रकार वासुदेव गायतोंडे तर जन्मलेच नागपुरात, ते रोलरनं रंग चढवायचे, पॅलेट नाइफनं काढायचे, वर्षाला मोजकीच चित्रं.

मी पण तेच करून राहिलो, गेरू अन् काळी माती चाळून बाइंडरमध्ये कालवतो, थरावर थर, मग सँडपेपर. आता काळी माती वाळली की तडकते, ते सांभाळायचं बाबांनीच शिकवलं. ते रोज येऊन बघतात, "अस्तर चांगलं बसलं, पुढचं कधी करतो?" म्हणतात. मी म्हणतो झालं. ते हसत नाहीत.

नातेवाईक विचारतात यात गणपती कुठाय, त्यांचं सोड.

पोळ्याला ये, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघू, गर्दीत खिसा सांभाळ. अन् येताना तिकडून नऊ इंचाचा चांगला रोलर आण, इथला दोन चित्रांत केस सोडतो. पैसे आल्यावर देतो.

तुझा,
बाल्या