शनिवारी काक्षी आणि व्याध बघूया

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी रात्री ८ वाजता नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. विषय : ताऱ्यांचं अंतरंग आणि आयुष्य.

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी तारा (बीटलजूस) आधी नुसत्या डोळ्यांनी बघून ठेवा. गाभ्यातला हायड्रोजन संपला, बाहेरचे थर फुगून थंडावले, म्हणून हा रंग. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो एवढा मंदावला की आता स्फोट होणार अशी चर्चा सुरू झाली होती. प्रत्यक्षात मुख्यतः त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला होता.

व्याध ताऱ्याचा जोडीदार तारा आपल्या दुर्बिणीतून दिसणार नाही, तरी त्याच्याबद्दल बोलायचंच आहे. आकार जेमतेम पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याएवढं! अशा श्वेत बटूला (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याला) सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमानापर्यंतच तग धरता येतो. १९३० साली इंग्लंडला जाताना बोटीवर या मर्यादेचं गणित मांडणारे भारतीय खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. मुलांना जरूर आणा, त्यांनी हे ऐकायलाच हवं.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, मोबाइल खिशातच ठेवा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका स्क्रीनच्या उजेडाने सगळ्यांचीच मेहनत वाया जाते. स्वेटर, सतरंजी सोबत असू द्या. ढग असले तर दुपारी ४ पर्यंत इथेच कळवू.