खोकल्याची दुसरी बाटली

महोदय,

आमच्या वाड्यावर भाड्याच्या एका खोलीत चार कामगार राहतात. त्यातल्या एकाला चतुर्थीआधीपासून खोकला. आधी फार्मसीतलं सिरप, मग एका दवाखान्यातल्या गोळ्या. बेडका तपासून घे, असं कुणी सांगितलंच नाही. नाताळच्या तोंडावर क्षयरोग निघाला. तोवर चौघंही त्याच खोलीत झोपत होते, खिडकी खिळे मारून बंद!

उपचाराविना राहिलेला रुग्ण वर्षभरात १० ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. योग्य औषधं सुरू झाली की हा धोका झपाट्याने उतरतो. म्हणजे घात होतो तो निदानाआधीच्या महिन्यांत.

सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी फुकट, औषधंही फुकट. मग दोन आठवड्यांनी पुन्हा सिरप मागणाऱ्याला फार्मसीवाले तिकडे का पाठवत नाहीत? आणि घरमालकांनो (मीही त्यांतलीच), भाडं घेता तर उघडणारी खिडकी तरी द्या.

– एक घरमालकीण, डिचोली