बाबा, आपला क्लब परत वर आला

मडगाव,
जून 2024

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना हल्ली धड ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेऊन बसले. बाहेर पावसाने जोर धरलाय, ऑफिसला आज सुट्टी आहे. पत्र सावकाश लिहिता येईल.

बाबा, आपला फुटबॉल क्लब, धेंपो, परत आय-लीगमध्ये गेला. तिच्या खालच्या, दुसऱ्या लीगमध्ये एससी बंगळुरू पहिला आला, आपण दुसरे, आणि दोन्ही क्लब वर चढले. 2016 साली आपण बाहेर पडलो होतो. आता पुढच्या मोसमात आपला क्लब पुन्हा गोव्याबाहेर खेळायला जाईल, बाहेरचे क्लब आपल्याकडे येतील. आय-लीग आता देशातली सगळ्यात वरची लीग राहिली नाही, तिच्या डोक्यावर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आहे, हे मला ठाऊक आहे. तरी बातमी वाचल्यावर मला तुम्हीच आठवलात. 'नवप्रभा' आला की पहिलं पान सोडून आधी खेळाचं पान उघडायचात. मग एक दिवस पहिल्या पानापासून क्रमाने वाचायला लागलात, आणि खेळाच्या पानापर्यंत पोचायच्या आतच पेपर घडी करून ठेवायला लागलात. आईच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं.

मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, भारताची लीग गोव्यानेच जिंकायची असते. वाटणारच ना! 2007-08 साली धेंपो, पुढच्या वर्षी चर्चिल, मग परत धेंपो, मग साळगांवकर, 2011-12 ला पुन्हा आपण, 2012-13 ला पुन्हा चर्चिल. लागोपाठ सहा वर्षं करंडक गोव्याबाहेर गेला नाही. एवढंसं आपलं राज्य, आणि कोलकात्याचे ते मोठमोठे क्लब आपल्या मागे. आय-लीगच्या आधी जी नॅशनल लीग होती तिचे दोन धरले तर धेंपोचीच पाच विजेतेपदं, आणि पाचही प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली. 2008 साली तर आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलो. खाणीवरची तुमची माणसं जीप करून फातोर्ड्याच्या स्टेडियमला निघायची, मला मागे मधोमध बसवायची, आणि परत येताना बाणस्तारीपर्यंत सामना पुन्हा पहिल्यापासून खेळला जायचा. रँटी मार्टिन्सने एका मोसमात 32 गोल मारले ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. बेतोचा पास कुठून निघाला हे कळायच्या आत रँटी गोलासमोर असायचा.

आई, तुला ऑफसाइड कधी कळला नाही आणि कळून घ्यायचाही नव्हता. तुला माणसं कळायची. आम्ही दारात पाय ठेवला की तुझा पहिला प्रश्न, "आपला गवळी बरा खेळला? आणि आपला नाईक?" महेश गवळी आणि समीर नाईक हे दोघे बचावाला असले की तुला काळजी नसायची. गोल कोणी मारले ते तू नंतर विचारायचीस. मी आता इतकी वर्षं फुटबॉल बघितल्यावर सांगते, सामना असाच बघायचा असतो.

आणि 2004 चा तो डिसेंबर. बंगळूरला फेडरेशन कपची अंतिम लढत, मोहन बागान समोर. क्रिस्तियानो ज्युनियरने दोन्ही गोल मारले आणि दुसरा मारताना मैदानातच कोसळला तो कायमचाच. कप आपण जिंकला होता. तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत, बाबा. ब्राझीलहून आलेला एक मुलगा, त्याला तुम्ही मैदानातच काय तो पाहिलेला, तरी आईने देवापुढे दिवा लावला होता. क्लबवर जीव असणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री आपल्या घरात समजलं. त्याच मोसमात पुढे आपण नॅशनल लीगही जिंकली.

मग पडझड झाली. 2012 च्या शेवटी खाणी बंद पडल्या, तुमचं काम गेलं. दारात उभे असलेले शेजाऱ्यांचे ट्रक गंजायला लागले. बँकेचे हप्ते कसे भरायचे यावर घरोघरी रात्री बोलणं चालायचं. त्या दिवसांत फुटबॉलचं नाव काढायची कोणाची हिंमत नव्हती. रँटी त्याच वर्षी कोलकात्याला गेला, पुढच्या वर्षी कुलासोही गेले, आणि 2015 ला क्लब खालच्या लीगमध्ये घसरला. ते हरणं होतं, ते सोसता आलं. खाली गेलो, दुसरी लीग जिंकली आणि वर्षभरात परत वर आलो. तेवढ्यात 2016 मध्ये देशाच्या फुटबॉल फेडरेशनने आयएसएलला वरचं स्थान आणि आय-लीगला खालचं असा आराखडा पुढे आणला. साळगांवकर, स्पोर्टिंग आणि आपण, तिघांनी लीगच सोडली. नुकतं कमावलेलं तिकीट हातात असताना सोडली.

आईने तेव्हा विचारलं होतं, "हरले नाहीत, तर मग खेळत का नाहीत?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत, उठून अंगणात गेलात. मी पुष्कळ वर्षं त्या प्रश्नावर विचार केला. मला अजून वाटतं की क्लबांचा राग खरा होता. मैदानावर जिंकून वर येता येत नसेल आणि वरची जागा पैसे भरून मिळत असेल, तर खेळायचं कशासाठी? पण त्या निर्णयाची झळ बसली ती पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना. त्यांना मोहन बागानविरुद्ध खेळायचं होतं, आणि त्यांच्या वाट्याला फक्त गोव्याची लीग आली. आणि आपल्यालाही बसली. दुष्काळ म्हणजे संघ सारखा हरतो असं लोकांना वाटतं. हरणाऱ्या संघाला निदान पुढचा रविवार असतो. आपल्याला मोठ्या सामन्याचा रविवारच उरला नव्हता.

इथे मडगावात सगळे नारिंगी शर्ट घालून आयएसएलमधल्या एफसी गोवाकडे वळले. मीही गेले, आणि मनापासून गेले. त्यांच्या स्पॅनिश कोरोला बघितलंय मी, त्याच्यासारखा गोलासमोर शांत राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. 2020 ला त्यांनी साखळीत पहिलं येऊन लीग शील्ड जिंकली तेव्हा शेजाऱ्यांबरोबर रस्त्यावर आले होते. तो गोव्याचा संघ आहे, त्याचं कौतुक मला आहेच. पण फातोर्ड्याला त्या दिव्यांच्या झगमगाटात बसले की शेजारची खुर्ची तुमची आहे असं वाटायचं नाही. आपला क्लब तिथे नव्हता.

म्हणून मी गोवा प्रो लीगचे सामने बघायला लागले. म्हापशाला धुळेरच्या मैदानावर दुपारच्या उन्हात सामने असायचे, कामाच्या दिवशी. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे घरचे, दोन-चार जुने खेळाडू, छत्री धरून बसणारे एक पेन्शनर काका आणि मी. एका सामन्यात मी गोलाच्या मागच्या बाजूला कुंपणाशी उभी होते. आपला डावा बॅक, अजून मिसरूड न फुटलेला पोर, पहिल्या हाफमध्ये दोनदा चकला. समोरचा विंगर त्याला आतल्या बाजूने चकवून पळायचा. स्टेडियम भरलेलं असतं तर मला फक्त तो चकलेला दिसला असता. इथे सगळं ऐकू येत होतं. मधला बचावपटू त्याला हाक मारत होता, "फाटल्यान आसा रे, फाटल्यान!" म्हणजे मागे आहे. गोलकीपर सांगत होता, "लायनीर वचूं दी ताका, भितर नाका," म्हणजे रेषेकडे जाऊ दे, आत नको. तिसऱ्यांदा विंगर आला तेव्हा त्या पोराने घाई केली नाही. दोन पावलं मागे गेला, उजवा खांदा आतल्या बाजूला वळवला, आणि विंगरला बाहेर, कॉर्नरच्या झेंड्याकडे जाऊ दिलं. तिथे जागाच नव्हती. चेंडू बाहेर गेला. कुंपणापाशी माझ्या बाजूला एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. त्या त्याची आई होत्या, हे मी न विचारताच ओळखलं.

आई, तू तिथे असतीस तर त्यांच्याशी लगेच बोलली असतीस.

ते दृश्य बघितल्यापासून मला त्या वर्षांची कीव येईनाशी झाली. करंडकांच्या काळात आपण ब्राझीलचा, नायजेरियाचा मोठा खेळाडू बघायला जायचो, आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण या काळात क्लबने परदेशी खेळाडू सोडून गोव्यातल्याच पोरांना खेळवलं, घडवलं. गोव्याची लीग आपण या काळातही जिंकली, फक्त त्याला कोणी मोठा मथळा दिला नाही. बाहेरच्या जगाला वाटलं क्लब संपला. तो रोज सकाळी सरावाला जात होता.

करोनाची दोन वर्षं तर विचित्रच गेली. आख्खी आयएसएल गोव्यात आणून ठेवली, फातोर्डा, बांबोळी, वास्को, तिन्ही ठिकाणी सामने, देशभरातले संघ इथल्या हॉटेलांत. आणि गोव्याच्या माणसाला दार बंद. मी ऑफिसातून येताना स्टेडियमचे दिवे लागलेले बघायचे आणि आत कोणी नसायचं. जाऊ दे, ते सगळ्यांनीच भोगलं.

आता आई, तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेली बातमी. या मुलांना वर आणणारा प्रशिक्षक कोण, माहीत आहे? आपला नाईक. समीर नाईक. ज्याच्या नावाने तू आमचं स्वागत करायचीस, तोच आता मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांना बचाव शिकवतो. केस थोडे पिकलेत. आवाज मात्र मोठा आहे, बाबांनासुद्धा ऐकू जाईल.

बाबा, मागच्या गणपतीत मी क्लबचा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते दिवस गेले गो." मला ते पटलं नाही, पण पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आता लिहिते. ते दिवस गेले हे खरं आहे. सहा वर्षं करंडक गोव्यात राहील असे दिवस परत येतील की नाही, मी सांगत नाही. पैसा आता दुसरीकडे आहे, आणि पुढचा रस्ता आणखी चढाचा आहे. आय-लीगमध्ये पहिल्याच वर्षी मार खाऊ, असंही होईल. पण तुम्ही मला ज्या क्लबकडे नेलंत, तो करंडकांमुळे आपला नव्हता. खाणीवरून दमून आलेली माणसं रविवारी स्वतःच्या पैशाने जीप करून जायची, त्यांच्यामुळे तो आपला होता. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. जी आहेत, त्यांना तुम्ही फोन करा असं मला वाटतं. तुम्ही केलात तर ते येतील. मी केला तर "बरं, बघू" म्हणतील.

मोसम सुरू होईल तेव्हा पाऊस गेलेला असेल. सामना कुठल्याही मैदानावर असो, मी गाडी घेऊन डिचोलीला येते. पायऱ्या चढायच्या नाहीत, खालच्या रांगेत बसू. गुडघ्याचं औषध आई आठवणीने पिशवीत घालेलच. आई, या वेळी तूही यायचं आहेस. घरी बसून विचारायचं नाही, समोर बघायचं. येताना फातोर्ड्याच्या बाजूला गाड्यावर रस्सा घातलेलं रस-ऑम्लेट खाऊ, बाबांना तिखट कमी.

दसऱ्याच्या आसपास वेळापत्रक लागेल. ते आलं की तारखा मोठ्या अक्षरांत लिहून पाठवते, म्हणजे कॅलेंडरवर खुणा करता येतील. तोवर आईने बाबांचं कान तपासणीचं काम उरकून घ्यावं, डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, पुढच्या गुरुवारी सकाळी दहाची. नेते मीच.

तुमची,
धाकटी