शिवणाचा तास एवढा पण फालतू नव्हता

मा. संपादक,

मागच्या रविवारच्या पुरवणीत शाळेतून गायब झालेल्या विषयांवर लेख होता, त्यात शिवण-भरतकाम म्हणजे मुलींना घरात बसवायची तयारी, असं एका ओळीत निकालात काढलंय. मी नागपुरातच एका शाळेत शिवण शिकवलं, आता रिटायर आहे, म्हणून वाचून जरा लागलं. पण भांडायला नाही लिहीत, अर्धी गोष्ट खरीच आहे. उरलेली अर्धी सांगते.

मोबाइलवर जुन्या अमेरिकन मुलींचे सँपलर बघायचा नाद लागलाय मला. कापडाच्या तुकड्यावर फुली टाक्यात एबीसीडी, आकडे, देवाधर्माच्या चार ओळी, एखादं घर नि झाड, आणि खाली पोरीचं नाव, वय, साल. तिथे बनलेला सगळ्यात जुना माहीत असलेला सँपलर लोरा स्टँडिशचा, साधारण १६५३ सालचा, प्लिमथच्या म्युझियममध्ये आहे. अक्षरं का, तर घरातल्या चादरी-टॉवेलांवर खुणेची अक्षरं नि नंबर भरावे लागायचे, कापड महाग होतं ना तेव्हा. आता अर्ध्या खऱ्या गोष्टीचं बघा. बॉस्टनच्या सरकारी शाळेत मुलींना १७८९ पर्यंत जागाच नव्हती, पुष्कळ मुलींना वाचता यायचं पण लिहायला कोणी शिकवत नसे, म्हणजे हातात टाक ऐवजी सुई. हे चांगलं होतं असं मी कशाला म्हणू?

पण शिकवणाऱ्या बाया बघा. कोणी विधवा, कोणी बिनलग्नाची, स्वतःच्या घरातच शाळा काढायची, पेपरात जाहिरात द्यायची आणि रेशमाच्या कामाचे पैसे वेगळे घ्यायची. त्या काळी बाईला इज्जतीनं चार पैसे कमवायचे दुसरे रस्ते होतेच किती! सारा पीयर्स बाईंनी १७९२ मध्ये कनेक्टिकटच्या लिचफील्डला आपल्या घरात शाळा सुरू केली, भरतकामासोबत इतिहास-भूगोल पण, ती १८३३ पर्यंत चालली आणि हजारो मुली शिकून गेल्या. प्रॉव्हिडन्सच्या मेरी बाल्च बाईंच्या मुली गावातल्या खऱ्या इमारती भरायच्या, त्यामुळे सँपलर बघितला की जाणकार सांगतात, हा बाल्चबाईंकडचा. पेनसिल्व्हेनियात वेस्टटाउनच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) शाळेत तर पोरींनी रेशमी कापडाचे पृथ्वीगोल केले, आत भरण घालून, वरती अक्षांश-रेखांश आणि देश दोऱ्यानं. शिवणाच्या तासाला भूगोल! बाल्टिमोरमध्ये १८२८ ला, गुलामी चालू असताना, काळ्या सिस्टरांनी, म्हणजे नन्सनी, काळ्या मुलींसाठी शाळा काढली, तिथंही शिवणकाम होतं आणि त्या मुलींनी नाव घालून भरलेले सँपलर आहेत.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पेन्शनचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा लागायचा, सर्टिफिकेट कोणाकडे असायचं, मग काहींनी भिंतीवरचा सँपलरच, ज्यावर घरातल्यांच्या लग्नाच्या नि जन्माच्या तारखा भरलेल्या, तोच काढून अर्जासोबत पाठवला. असे सहा तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अजून जपून ठेवलेत. कागद नाही, तर सुईनं लिहिलेलं चाललं.

आणि तिकडून इकडे पण धागा येतोच. सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींची शाळा चालवली, सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे ट्रेनिंगला होत्या असं सांगतात. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाला जोडून शिवण असायचंच.

आता आपल्याकडे या. महाल, इतवारी, सीताबर्डी, कुठल्याही जुन्या घरात मॅटीवर भरलेलं सुस्वागतम् किंवा दोन पोपट फ्रेममध्ये सापडतील, कपाटाच्या खाली नमुन्याची वही पण असेल, धावदोरा, साखळी टाका, काज, रफू, सगळं ओळीनं चिकटवलेलं. पण कोणी भरलं, कोणत्या साली, बाई कोण होत्या, काहीच नाही. आम्हीच कागदाच्या चिठ्ठीवर रोल नंबर लिहून टाचणीनं लावायला सांगायचो, परीक्षा झाली की चिठ्ठी गायब. नाव भरून घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, काहून कोण जाणे.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या म्युझियममध्ये, एक कपाट या वह्यांसाठी द्यावं, आणि तुमच्या पेपरनं वाचकांकडून फोटो मागवावेत, भरणारीचं नाव, शाळा, साल आणि शिवणाच्या बाईंचं नाव असं सगळं सोबत. आजी अजून आहे तोवर विचारून घ्या. आणि प्लीज ते कापड धुवायला काढू नका, जुने लाल दोरे रंग सोडतात, उन्हात टाकू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवलं तरी पुरे.

एक रिटायर्ड शिवण शिक्षिका,
नागपूर