व्हीटग्रासचं बी आणि तुझा माळ

रॅपिड सिटी, साउथ डकोटा
१२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

तुझा निरोप पोचला. एकदा पेरला की चार-पाच वर्षं नांगराला हात लावायला नको असा गहू अमेरिकेत निघालाय म्हणे, आणि त्याचं दोन किलो बी मी दिवाळीला येताना बॅगेत टाकून आणायचं. म्हणजे तू ते माळावर फेकणार आणि शेळ्या-मेंढ्यांचा नि घरचाही प्रश्न एका दमात सुटणार! फोनवर बोललो असतो तर तू मला दोन वाक्यं पुरी करू दिली नसतीस, म्हणून कागद घेतला. बी मी आणणार नाही. का ते सांगतो, पण आधी हे गवत, म्हणजे व्हीटग्रास, काय आहे ते नीट ऐकून घे.

अण्णांना मात्र पहिलं हे सांग, की ते सकाळी नाक दाबून पितात तो गव्हांकुरांचा रस वेगळा. तो साध्या गव्हाचा, ट्रेमध्ये आठ-दहा दिवस वाढवलेला. त्याचं खूळही इकडचंच. १९३० च्या दशकात कॅन्सस सिटीत चार्ल्स श्नाबेल नावाच्या माणसानं कोंबड्यांना कोवळं गवत खायला घालून ते सुरू केलं. मी म्हणतोय ती रानातली व्हीटग्रास. गव्हाच्याच गणगोतातली, पण दरवर्षी मरून न जाणारी, वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारी.

तुला वाटेल, रस्त्याच्या कामातला माणूस गवतावर कधीपासून बोलायला लागला. अरे, इथं रस्ता झाला की शेवटचं काम गवताचंच असतं. खडी पसरली, डांबर झालं, पट्टे मारले, तरी दोन्ही अंगांचे उतार उघडे असतील तर काम पुरं धरत नाहीत. आजूबाजूच्या रानात जेवढं गवत असतं त्याच्या ७० टक्के तरी त्या उतारावर उगवलेलं दिसायला लागतं. नाहीतर पहिल्याच वळवाला सगळी माती ओढ्यात. म्हणून नोव्हेंबरात, जमीन इतकी गार पडली की बी लगेच उगवणार नाही, तेव्हा आम्ही पेरतो. आपली धूळपेरणी असते ना, तसाच हिशेब, फक्त पावसाच्या जागी बर्फ वितळायची वाट बघायची. बी अर्ध्या इंचाहून खोल गेलं की वायाच गेलं म्हणून समज.

बी विकत घ्यायची इथली पद्धत मला फार पटली. पोत्याच्या वजनावर पैसे नाहीत. पोत्यात शुद्ध बी किती आणि त्यातलं उगवणारं किती, याचा गुणाकार करायचा. ८० टक्के शुद्ध आणि ७५ टक्के उगवण असेल, तर शंभर पौंडांच्या पोत्यात ६० पौंडच बी आहे असं धरून तेवढ्याचे पैसे मोजायचे. आपल्या तालुक्याच्या बाजारात हा नियम लावला तर निम्मे दुकानदार शटर ओढून घेतील.

या बियांच्या मिश्रणात हमखास असतं ते वेस्टर्न व्हीटग्रास. साउथ डकोटा, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या तिन्ही राज्यांचं हे राज्यगवत. आपल्याकडे शेकरू, हरियाल, ताम्हण यांना मान आहे, गवताला तो द्यायचं कुणाला सुचलं नाही. पान हातात घेतलंस तर निळसर राखाडी दिसेल. वरच्या अंगाला उभ्या शिरा इतक्या उठलेल्या असतात की नख फिरवलं की खरखर जाणवते. पान जिथं दांड्याला धरतं तिथं दोन बारीक जांभळट नख्या असतात, त्या दांड्याला दोन्हीकडून विळखा घालतात. ओंबी गव्हाचीच वाटावी, पण सडपातळ. खालून मुळांचे धुमारे पसरतात आणि हातभर अंतरावर नवा कोंब काढतात, त्यामुळे उतारावरची माती जाळ्यात धरल्यासारखी राहते. गुरांना ते आवडतं, त्याआधी बायसनच्या, म्हणजे इथल्या रानगव्यांच्या, कळपांना आवडत होतं. उभ्यानं वाळलं तरी कस टिकतो, म्हणून इथले रँचवाले हिवाळ्यातसुद्धा गुरं त्याच्यावर सोडतात.

नेब्रास्काच्या विद्यापीठात जॉन वीव्हर नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले. त्यांनी आयुष्यभर कुरणांत खंदक खणले आणि गवतांची मुळं मोजून त्यांची चित्रं काढली. १९३४ नंतरच्या दुष्काळात नेब्रास्का-कॅन्ससमधली उंच उंच गवतं मेली आणि त्यांच्या जागा या वेस्टर्न व्हीटग्रासनं धरल्या, हे त्यांनी नोंदवून ठेवलंय. कारण साधं आहे. हे गवत लवकर जागं होतं, वसंतातली सगळी ओल आधी पिऊन टाकतं आणि मागून येणाऱ्यांना कोरडं ठेवतं. मला हे वाचून आपल्या पाणी वाटप सोसायटीची आठवण झाली, असो.

या मुळांचा आणखी एक उपयोग तुला आवडेल. १८७०-८० च्या सुमारास या सपाट मुलखात वस्तीला आलेल्या लोकांना घर बांधायला लाकूड नव्हतं, दगड नव्हता. मग त्यांनी खास नांगरानं गवताची ढेप कापली. फूटभर रुंद, तीन फूट लांब, चार इंच जाड. मुळांनी घट्ट बांधलेली माती ती, उचलली तरी सांडत नव्हती. गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायची की दोन-अडीच फूट जाडीची भिंत. बफेलो ग्रास, व्हीटग्रास, पाणथळातली गवतं, असं ज्याचं मूळ दाट ते या कामाला चांगलं. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊब, आणि पाऊस झाला की छतातून दोन दिवस चिखल गळायचा. साप पडायचे ते वेगळेच.

पुढं मात्र माणसं गव्हाच्या लोभाला लागली. पहिल्या महायुद्धात भाव चढला आणि हे सगळं रान नांगरून काढलं. दुष्काळ आला तेव्हा माती धरायला खाली काहीच उरलं नव्हतं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी दक्षिणेकडच्या मैदानांवर असं धुळीचं वादळ उठलं की भर दुपारी अंधार झाला. त्याच महिन्यात सरकारनं मृदसंधारणाचं स्वतंत्र खातं काढलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती. तेव्हा सगळ्यांना घाई होती, उघडी जमीन झाकायची. इथल्या गवतांचं बी पुरेसं मिळत नव्हतं. क्रेस्टेड व्हीटग्रास हाताशी होतं. इथल्याच साउथ डकोटाच्या कॉलेजातले नील्स हॅन्सन यांनी १८९८ साली ते रशियातून आणलेलं. चपटी, फणीसारखी ओंबी, थंडीला आणि कोरड्याला दाद न देणारं, पटकन उगवणारं. लाखो एकरांवर ते पेरलं गेलं. माती थांबली, हे कबूल करायलाच हवं. वसंतात स्थानिक गवतांच्या आधी पंधरवडाभर हिरवं होतं, म्हणून मेंढ्या-वासरांना पहिला चारा तोच. रँचवाले अजून त्याचं नाव काढतात.

पण इथून तासाभरावर वॉल गावाजवळ सरकारी कुरण आहे, बफेलो गॅप. सोडून दिलेली शेतं सरकारनं विकत घेतली, त्यातून ही कुरणं झाली. एप्रिलअखेरीस तिथं जाऊन उभा राहिलास तर रान सगळं पिवळं आणि मधेच जुन्या शेतांचे चौकोन हिरवेगार दिसतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी पेरलेलं गवत आपल्या बांधाच्या आत अजून तसंच आहे. त्या चौकोनात वाक. झुडपासारखे ठोंब, मधे उघडी जमीन, दुसरं गवत जवळजवळ नाही, फुलझाड नाही. जमिनीत पडलेलं बीसुद्धा बहुतेक त्याचंच. ते उपटून जुनं रान परत आणायला आता लोक फवारण्या करतात, जाळतात, परत पेरतात, आणि तरी ते उगवतं. वेड्या बाभळीचं आपल्याकडे काय झालं ते तुला मी सांगायला नको.

म्हणून आता वायोमिंगच्या कोळसाखाणी बुजवतात तिथं स्थानिक बियांवर भर असतो. १९७७ च्या कायद्यानं उघड्या खाणी परत झाकून हिरव्या करणं बंधनकारक झालं. तिथं स्लेंडर व्हीटग्रास पहिल्या वर्षी झपाट्यानं येतं आणि मातीला आधार देतं, चार-पाच वर्षांत आपण होऊन कमी होतं आणि मागून आलेल्या वेस्टर्नला जागा सोडतं. मला विचारशील तर या सगळ्या गोतावळ्यातलं हेच सगळ्यात शहाणं गवत.

सगळ्यात आगाऊ क्वॅकग्रास. ते युरोपातून आलं आणि माझ्या परसातल्या वाफ्यात ठाण मांडून बसलंय. आपला कुंदा बघ, तीच जात वागणुकीची. बोटभर तुकडा राहिला की नवं झाड. तिकडं युरोपात मात्र त्याच्या मुळांचा काढा लघवी साफ होण्यासाठी देतात, आणि दुष्काळात मुळं वाळवून, दळून भाकरीच्या पिठात मिसळायचे. मी अजून काढ्यापर्यंत पोचलो नाही, फक्त कुदळीपर्यंत.

आता तुझा गहू. ते गवत म्हणजे इंटरमीडिएट व्हीटग्रास, आणि त्याच्या दाण्याचं नाव कर्न्झा. मूळ कॉकेशस, तुर्कस्तान, मध्य आशियाकडचं. इथं चाऱ्यासाठी आणलं होतं. १९८० च्या दशकात पेन्सिल्व्हेनियाच्या रोडेल संस्थेनं धान्य म्हणून त्याच्याकडे बघितलं, आणि २००३ पासून कॅन्ससमधल्या सलायना गावची लँड इन्स्टिट्यूट त्याची निवड करतेय. मुळं दहा फुटांपर्यंत जातात. २०१६ मध्ये त्याची बिअर बाजारात आली, २०१९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठानं पहिला वाण काढला. इथपर्यंत तू ऐकलेलं खरं. पुढचं तुला कुणी सांगितलं नाही. दाणा गव्हाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. तळहातावर ओंबी चोळून बघितली, टरफल सुटतच नाही पटकन, आणि सुटलं की फुंकरीसरशी दाणाही उडतो. उतारा गव्हाच्या पासंगाला पुरत नाही आणि तिसऱ्या वर्षापासून तोही घसरतो. हिनं निम्मं पीठ घालून पोळ्या केल्या. चव छान, थोडी गोडसर, भाजलेल्या दाण्यासारखी. पण चिकटपणा कमी, लाटताना कडा फाटतात. भाकरी थापणाऱ्या हाताला कदाचित जमेल.

आणि मुख्य अडचण हवामानाची. पाऊस म्हणशील तर आपल्या माण तालुक्यात आणि इथं जवळपास सारखाच, वर्षाला ४००-५०० मिलिमीटर. पण ही सगळी थंडीतली गवतं. एप्रिल-मेच्या गारव्यात वाढतात, जुलैच्या उन्हात झोपतात. कर्न्झाला ओंबी धरायला महिना-दीड महिना चार-पाच अंशांची थंडी लागते. तुझ्या माळावर ते उगवेल, चार पानं काढेल आणि मार्चात करपेल. शिवाय बी असं बॅगेतून आणता येत नाही. भारत सरकारच्या २००३ च्या वनस्पती-क्वारंटाइन आदेशानुसार परवाना, तपासणी, सगळं लागतं, आणि ते योग्यच आहे.

तरी या कुळाचं थोडं आपल्याकडे आधीच पोचलंय, बियांतून नव्हे, गव्हाच्या पोटातून. समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीतलं टॉल व्हीटग्रास गव्हाच्या तांबेरा रोगाला दाद देत नाही. त्याचे तांबेराविरोधी जनुक गव्हात उतरवले, आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या संशोधन केंद्रानं ते भारतीय वाणांत आणले. तिथंच का, तर तांबेरा निलगिरीच्या थंड डोंगरात वर्षभर जिवंत राहतो आणि वादळवाऱ्याबरोबर वर आपल्याकडे येतो. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे, कधी गेलास तर स्ट्रॉबेरी सोडून तिकडं डोकाव.

माळाचं म्हणशील तर माझं ऐक. पहिल्या वर्षी पेरूच नकोस. चार एकरांतला एक एकर काट्या टाकून बंद कर आणि पावसाळाभर कुणाचंही जनावर आत सोडू नकोस, तुझं स्वतःचंही. पवना, डोंगरी, मारवेल, कुठल्या ना कुठल्या बांधाला असेलच, ते आपण होऊन येतं का बघ. नाही आलं तर पुढच्या मृगात राहुरीहून मारवेल-८ चे ठोंब आण आणि समपातळीवर लाव. बी घेतलंस तर आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण मोज, मग पैसे दे. कुसळी वर आली तर फुलोऱ्याआधीच कापून घाल, नाहीतर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरतात, हे तुझ्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनाच विचार की तीस वर्षांपूर्वी त्या माळावर कोणकोणती गवतं होती, आणि नावं लिहून मला पाठव.

अण्णांना आणि काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, या खेपेला चकल्या कमी आणि भाजणी जास्त.

तुझा,
दिग्या