वाचलेल्या वेळाचं काय केलंत?

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमच्या योगवर्गात येऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. रथसप्तमी नुकतीच होऊन गेली होती. आधीच्या क्लासात त्या दिवशी मी १०८ सूर्यनमस्कार ५२ मिनिटांत घातले होते, आणि कोणी विचारलेलं नसताना ते मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही सतरंजीची घडी घालत होतात. मान वर न करता म्हणालात, "अरे वा! मग वाचलेल्या वेळाचं काय केलंत?"

मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं होतं की त्यानंतरचे चार दिवस मी पाठ शेकत पडलो होतो. त्या क्लासात भिंतीवर घड्याळ होतं आणि हातात शिटी घेतलेले सर होते. दोष त्यांचा म्हणवत नाही, मला तसंच हवं होतं.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही. गुरुपौर्णिमेला आणलेला गुच्छ तुम्ही देवळात पाठवून दिलात. आता गुडघ्यांमुळे वर्ग बंद केलात, तोही असा, की सोमवारी हॉलला कुलूप दिसलं तेव्हा आम्हाला कळलं. तुमच्याकडे साधा फोन आहे, म्हणजे सूनबाईच वाचून दाखवतील. सावकाश वाच म्हणावं.

बाई, मी डोंबिवलीचा. तीस वर्षं लोकलने जातोय. आम्ही माणसं कुठे राहतो, तर पुढच्या स्टेशनात. दादरला जिना नेमका दारासमोर येईल तोच डबा पकडायचा. आत शिरल्या शिरल्या बसलेल्याला विचारायचं, "कुठे उतरणार?" म्हणजे त्याची जागा मनाने आपली झाली. चौथ्या सीटवर अर्धं टेकलं की डोळे तिसऱ्या सीटवर. घाटकोपरलाच उठून दारात उभं राहायचं. त्यात मी हिशेबाच्या खात्यातला, डिसेंबरपासूनच मार्चएंडमध्ये असतो. घरी जेवताना उद्याचा डबा, झोपताना सकाळचा गजर. याला मी शिस्त समजत होतो.

तुम्ही मला ताडासनात उभं केलंत. नुसतं उभं राहायचं, यात काय शिकायचं, असं वाटलं. तुम्ही मागून येऊन विचारलंत, "उजव्या पायाची करंगळी जमिनीला टेकलीय का?" मी खाली बघायला लागलो तर म्हणालात, "बघायचं नाही. सांगा." मला सांगता येईना. ५१ वर्षांचा माणूस, स्वतःची करंगळी कुठे आहे ते ठाऊक नाही! डोळे मिटून तिला शोधत गेलो. आधी टाच सापडली, मग तळव्याची कड, आणि मग ती बिचारी, जमिनीपासून जरा उचललेली. तेवढा वेळ डोक्यात ना मार्चएंड होता ना लोकल. तेव्हा हे लक्षात आलं नाही. रात्री आलं.

'वर्तमानात जगा' असे सुविचार मला रोज सकाळी फोनवर दहा तरी येतात, कमळाच्या चित्रासकट. तुमच्या तोंडून 'वर्तमान' हा शब्द अडीच वर्षांत एकदाही ऐकला नाही. तुम्ही आपलं करंगळीचं विचारायचात, नाहीतर गुडघ्याच्या वाटीचं. त्रिकोणासनात माझा हात जमिनीपासून वीतभर वरच राहायचा आणि मी झटके देऊन तो पोचवायला बघायचो. तुम्ही लाकडी वीट सरकवलीत. "हात खाली जात नाही ना? मग जमीन वर आणू." तुम्ही पुण्याला योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेत शिकलेल्या. विटा, पट्टे, लोड, घड्या घातलेल्या चादरी हे सगळं तुम्ही तिथूनच आणलेलं. मला आधी तो म्हाताऱ्यांसाठीचा सरंजाम वाटायचा. वीट मिळाल्यावर पोचण्याची घाई संपली आणि पोचल्यावर काय करायचं, हा नवाच प्रश्न पडला. थांबायचं असतं, हे मला कुठे माहीत होतं!

शवासनाचं तर विचारूच नका. आपला हॉल म्हणजे गणेशोत्सवाचं सामान ठेवायची जागा, आणि खिडकीपलीकडे कोणाचं तरी स्वयंपाकघर. एकदा कुकरची शिटी झाली. दुसरी झाली. तुमचा आवाज आला, "ऐकू आली ना? येऊ द्या. मोजू नका, तुमचा कुकर नाहीये तो." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी खरंच मोजत होतो आणि तिसरीची वाट बघत होतो.

मोजल्याशिवाय मला पटत नाही, हे तुम्ही ओळखलंत आणि त्याबद्दल कधी टोमणा मारला नाहीत. उलट कैवल्यधामची गोष्ट सांगितलीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला ती संस्था काढली आणि उड्डियान, नौली अशा पोटाच्या क्रिया करणाऱ्या माणसांचे एक्स-रे काढले, पोटातला दाब यंत्रावर मोजला. "मोजायचं तर असं मोजा. सतरंजीवर पडून घड्याळ बघणं म्हणजे मोजणं नव्हे." मग माझी बोटं माझ्याच मनगटावर ठेवायला लावलीत. सावकाश श्वास घेतला की नाडी किंचित जलद होते, सोडला की संथ होते. तीन-चार श्वासांनंतर ते बोटांना स्पष्ट कळलं. सोडणं लांबवलं की नाडीचं संथ होणंही लांबतं. हिशेब जुळला, बाई. ताळेबंद जुळल्यावर होतो तसाच आनंद झाला.

एक तक्रारही आहे. 'स्थिरसुखमासनम्' हे पतंजलींच्या योगसूत्रांतलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, कुठल्याही योगवर्गाच्या फलकावर सापडतं. त्याच्या पुढचं, दुसऱ्या पादातलं ४७ वं, तुम्ही सांगेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. आसन साधतं ते प्रयत्न सैल पडल्यावर, प्रयत्नशैथिल्याने. आम्हाला लहानपणापासून उलटंच शिकवलंय: प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. माझी तक्रार इतकीच की हे ४७ वं सूत्र मला विशीत का भेटलं नाही. तुमच्याकडे ही तक्रार करण्यात अर्थ नाही, पण दुसऱ्या कोणाकडे करू?

मी काही साधुसंत झालेलो नाही. परवाच रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडलो. दादरला जिन्यासमोरचा डबा अजूनही पकडतो, कारण मागे राहिलं की गर्दीत चेंगरतो. फक्त प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना आता इंडिकेटरकडे दर पाच सेकंदांनी मान जात नाही. बुटातल्या करंगळ्या चाचपून बघतो. गाडी येते तेव्हा येते.

आणि एक, जे तुम्हाला ठाऊक नाही.

माझे वडील ८३ वर्षांचे आहेत. उजवा हात थरथरतो. रोज सकाळी आंघोळीनंतर त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावून द्यायचो. दहा-बारा सेकंदांचं काम. ते काही बोलायचे नाहीत, हनुवटी वर करून उभे राहायचे. याला मी सेवा म्हणत होतो. गेल्या श्रावणात एकदा माझा हात पुढे झाला आणि त्यांनी तो हळूच बाजूला सारला. पूर्वीचा मी असतो तर "अहो अण्णा, गाडी जाईल माझी" म्हणालो असतो. त्या दिवशी पलंगावर बसलो आणि पायांचे दोन्ही तळवे फरशीवर टेकवले, तुम्ही शिकवलेत तसे. वरचं बटण लागलं. दुसरं काजात अर्धं जाऊन परत आलं, पुन्हा गेलं. तिसरं त्यांनी चौथ्या काजात घातलं, खाली बघितलं, काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपत आले. त्यांची नखं किती पिवळी झालीत, ते मी पहिल्यांदा पाहिलं. चार बटणांना सात-आठ मिनिटं लागली असतील. मोजली नाहीत.

शेवटचं लावून झाल्यावर त्यांनी कॉलर सारखी केली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"आज सुट्टी आहे का रे तुला?"

आपला विद्यार्थी,
मागच्या रांगेतला, कुकरच्या खिडकीजवळचा